गृहजालातील साठवण : इंटरनेटविना प्रवेश

घरातील संगणक, मोबाइल, टीव्ही यांना राउटरमार्फत एकत्र जोडणाऱ्या जाळ्यावर बसवलेले साठवणयंत्र (नॅस) बाहेरची इंटरनेट जोडणी तुटली असतानाही वापरता येणे, आणि ते वापरता येत नसल्यास दोष शोधून काढण्याची रीत. नॅसमधील फायली घरातल्या संगणकापर्यंत येतात त्या राउटरमधील स्विचवरून किंवा वाय-फायवरून. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची तार त्या वाटेवर कोठेच लागत नाही. तरीही नेट गेले की नॅसही गेले, असा अनुभव सर्रास येतो. याचे मूळ फायलींच्या वाहतुकीत क्वचितच असते. यंत्राचे नाव, त्याचा पत्ता किंवा वापरणाऱ्याची ओळख यांपैकी एखादी गोष्ट घराबाहेरच्या सर्व्हरवर सोपवलेली असते आणि तो सर्व्हर दिसेनासा झाला की सगळेच अडते.

उगम : जाळ्यावरून फायली पुरवण्याची कल्पना प्रथम कोणाची, याविषयी एकमत नाही. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठात ब्रायन रँडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक युनिक्स संगणकांच्या फायली परस्परांना खुल्या केल्या. त्यावरील निबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. याच कामाची नोव्हेलची नेटवेअर प्रणाली १९८३ ची, तर सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस १९८४ ची मानतात. केवळ फायली पुरवण्यासाठी बांधलेले स्वतंत्र यंत्र अशी कसोटी लावणारे अभ्यासक ऑस्पेक्स (स्थापना १९८७) व नेटॅप (स्थापना १९९२) या कंपन्यांना अग्रमान देतात. पण त्यांची यंत्रे कचेऱ्यांसाठी होती. घरगुती वापराचा इतिहास पाहायचा तर आयबीएममधील बॅरी फायगेनबाम यांच्या एसएमबी प्रोटोकॉलपासून (जाळ्यावरून फायली देण्याघेण्याच्या नियमसंचापासून) आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण आजच्या बहुतेक घरगुती नॅसवर त्याच्याच सुधारलेल्या आवृत्त्या चालतात. त्याचे वर्ष सामान्यतः १९८३ दिले जाते. मात्र ज्या आयबीएम पीसी नेटवर्कवर तो चालायचा ते १९८४ मध्ये बाजारात आले, म्हणून १९८३-८४ असा काळ धरणे बरे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत असताना अँड्र्यू ट्रिजेल यांनी डिसेंबर १९९१ ते जानेवारी १९९२ या सुमारास त्याची मुक्त प्रतिकृती लिहिली. ती पुढे सांबा या नावाने ओळखली जाऊ लागली आणि लिनक्सवर चालणाऱ्या स्वस्त साठवणयंत्रांचा पाया ठरली.

या वंशावळीला प्रस्तुत विषयात महत्त्व आहे. एसएमबी ज्या नेटबायॉसवर (संगणकांनी जाळ्यावर एकमेकांना नावाने शोधण्याच्या पद्धतीवर) उभा होता, त्याची रचना मूठभर संगणकांच्या, बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या जाळ्यासाठी झाली होती. इंटरनेटविना चालणे हा त्याचा मूळ स्वभाव होता. बाहेरचे अवलंबित्व नंतर, सोयीपोटी आले.

नामशोध : नेटबायॉसमध्ये यंत्राचे नाव जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचे असते आणि ते शोधणारा संगणक सगळ्या जाळ्याला एकदम हाक मारतो. जाळ्यातील यंत्रांची यादी सांभाळण्यासाठी संगणक आपसात निवडणूक घेऊन एकाला प्रमुख नेमत. प्रत्येक यंत्र दर बारा मिनिटांनी आपली हजेरी देई आणि बंद पडलेले यंत्र यादीतून जायला ५१ मिनिटांपर्यंत वेळ लागे. यादीत दिसते पण उघडत नाही, या जुन्या तक्रारीचे हेच स्पष्टीकरण आहे.

ही यादी एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने तिच्यातील दोषाचा फायदा घेतला आणि त्याच वर्षाच्या शरदातील विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांतून ती टप्प्याटप्प्याने वगळली जाऊ लागली. यादीचे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या यंत्रे शोधणाऱ्या सेवेकडे गेले. नॅसमध्ये ती सेवा नसेल तर एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ विभागात यंत्र दिसत नाही, मात्र पत्त्याच्या पट्टीत दोन उलट तिरप्या रेघा देऊन पुढे आयपी पत्ता (जाळ्यातील यंत्राचा अंकी पत्ता) लिहिला की लगेच उघडते. यंत्र यादीत नसणे आणि यंत्रापर्यंत पोहोचता न येणे हे दोन निरनिराळे दोष आहेत; त्यांची गल्लत झाली की शोध भलत्या दिशेला जातो.

ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ बरोबर वेगळा मार्ग आणला. यात प्रत्येक यंत्र ‘.लोकल’ने संपणारे नाव स्वतःच जाहीर करते आणि प्रश्नोत्तरे २२४.०.०.२५१ या सामूहिक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतात. स्टुअर्ट चेशायर हे या पद्धतीचे प्रमुख शिल्पकार. तिचे प्रमाणित रूप (एमडीएनएस) फेब्रुवारी २०१३ च्या आरएफसी ६७६२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयक नियम नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज) आहे. मायक्रोसॉफ्टचा प्रतिस्पर्धी एलएलएमएनआर (आरएफसी ४७९५, जानेवारी २००७) आता मागे पडत असून एमडीएनएसच अधिक टिकाऊ दिसतो. दोन्हींची हाक राउटर ओलांडत नाही. कंपनीच्या राउटरमागे घरच्यांनी दुसरा राउटर लावला असेल आणि नॅस एकावर, लॅपटॉप दुसऱ्यावर असेल, तर नाव सापडणार नाही. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरही तेच होते. तेथे यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडलेले असते.

डायनॅमिक डीएनएसने (घराच्या बदलत्या बाह्य पत्त्याला कायमचे नाव जोडून देणाऱ्या इंटरनेटवरील सेवेने) मिळवलेले बाहेरचे नाव घरातही वापरण्याची सवय सर्वांत त्रासदायक ठरते. नेट असताना ते चालते, नेट जाताच निरुपयोगी होते.

पत्ता : राउटर चालू असेपर्यंत त्यातील डीएचसीपी (यंत्रांना आपोआप आयपी पत्ते देणारी) सेवा पत्ते वाटत राहते, बाहेरची तार तुटल्याने तिला बाधा येत नाही. नेट गेल्यावर राउटरच बंद करून ठेवला तर मात्र संगणक स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. विंडोज ९८ पासून रूढ असलेली ही तरतूद मे २००५ च्या आरएफसी ३९२७ मध्ये प्रमाणित झाली. दोन्ही टोकांच्या राखीव गटांचे पत्ते वगळता तीत ६५,०२४ पत्ते उपलब्ध असतात. संगणक त्यांतला एक निवडतो, तो कोणी घेतलेला नाही ना हे तीनदा विचारतो आणि मग धारण करतो. नॅस व लॅपटॉप केबलने थेट जोडल्यास दोघेही असे पत्ते घेऊन व्यवस्थित बोलू शकतात. एकाला हा पत्ता आणि दुसऱ्याला १९२.१६८ चा, अशी स्थिती असेल तर सामान्यतः बोलणे होत नाही.

दुसरा प्रकार राउटर बदलल्यावर किंवा मूळ स्थितीला आणल्यावर आढळतो. नॅसला हाताने १९२.१६८.१.५० दिलेला असतो आणि नवा राउटर १९२.१६८.२९ च्या गटात पत्ते वाटतो. नॅसचे दिवे लुकलुकत असतात, पण ते आता दुसऱ्याच गटात पडलेले असते. लॅपटॉपला तात्पुरता जुन्या गटातला पत्ता दिला की ते पुन्हा सापडते. पत्ता नॅसमध्ये न लिहिता राउटरमध्ये राखून ठेवणे त्यामुळे श्रेयस्कर.

ओळख : येथील दोष सर्वांत उशिरा लक्षात येतो. काही घरगुती यंत्रांत प्रवेशाची परवानगी उत्पादकाचा सर्व्हरच देतो. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या यंत्रणेत २६ मार्च २०२३ रोजी घुसखोरी आढळली आणि एप्रिलच्या आरंभी तिची माय क्लाउड सेवा सु. दहा दिवस बंद राहिली. फायली असलेल्या चकत्या (डिस्क) घरात, लोकांच्या हाताशी होत्या, तरी अनेकांना स्वतःच्या फायली उघडता आल्या नाहीत. स्थानिक प्रवेशाची सोय चालू करण्याची कृती कंपनीने त्या काळात प्रसिद्ध केली. ही सोय नॅस घेतल्या दिवशीच चालू करून, स्थानिक नाव व संकेतशब्द तयार ठेवणे आवश्यक आहे.

घड्याळाचाही संबंध येतो. रास्पबेरी पाय या, नॅस म्हणूनही वापरल्या जाणाऱ्या छोट्या संगणकाच्या पाचव्या पिढीआधीच्या आवृत्त्यांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. नेट नसताना वीज जाऊन आली की त्यांची वेळ मागे राहते आणि दर ३० सेकंदांनी बदलणारा दुहेरी पडताळणीचा अंक जुळत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची, जोडणी सुरक्षित असल्याची ग्वाही देणारी प्रमाणपत्रेही ठरावीक मुदतीची असून त्यांच्या नूतनीकरणाला इंटरनेट लागते.

संकेतशब्दाविना खुले ठेवलेले फोल्डर विंडोज ११ च्या २४एच२ (२०२४) आवृत्तीपासून प्रो संगणकांवरही नाकारले जातात. याचा इंटरनेटशी काही संबंध नाही. दोष मात्र पुष्कळदा त्यावर ढकलला जातो.

दोषशोध : प्रथम लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता पाहावा, मग राउटरच्या पानावरील जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून नॅसचा पत्ता घेऊन त्याला पिंग करावे (उत्तर येते का हे पाहण्यासाठी छोटा संदेश पाठवावा). उत्तर आले तर तार व पत्ता ठीक आहेत. आयपी पत्त्याने फोल्डर उघडून पाहावे. फोल्डर उघडले तर दोष नावात, संकेतशब्द नाकारला गेला तर ओळखीत. पिंगला उत्तर न आल्यास दोघांचे पत्ते एकाच गटातले आहेत का ते तपासावे. प्रवेशद्वार (गेटवे, म्हणजे बाहेरच्या जाळ्याकडे नेणारा राउटर) नसलेले जाळे विंडोज अनोळखी समजून ‘सार्वजनिक’ ठरवते आणि फायरवॉल यंत्रांचा आपसातला शोध रोखते; घरचे जाळे ‘खाजगी’ केले की तो सुरू होतो. नॅसनेही पिंगला उत्तर न देण्याचे ठरवलेले असू शकते, म्हणून केवळ पिंगवर निष्कर्ष काढू नये.

मोबाइलवर आणखी एक अडचण असते. वाय-फायवर इंटरनेट नाही असे अँड्रॉइडला आढळले की तो मोबाइल डेटाकडे वळतो आणि १९२.१६८ चा पत्ता दूरसंचार कंपनीच्या जाळ्यात शोधू लागतो, जेथे तो असणे शक्य नाही. मोबाइल डेटा बंद करून ‘जोडलेले राहा’ हा पर्याय निवडल्यास नॅस उघडते.

महाराष्ट्रातील घरांत फायबर आणणारे उपकरण, वाय-फाय आणि डीएचसीपी बहुधा एकाच डबीत असतात. फायबर तुटल्यावर तिच्यावरचा ‘लॉस’ दिवा लाल होतो. तरीही ती डबी चालू ठेवावी, कारण घरातले जाळे तिच्यावरच उभे असते. वीज जाणाऱ्या भागात डबीबरोबर नॅसही इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर घेतलेले असावे.