ढगात शिरलेलं विमान रडारला दिसत नाही?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडालेलं विमान ढगात शिरलं, की कुणीतरी म्हणतंच, ‘आता रडारलापण दिसायचं नाही.’ वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

ढगातले थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचे. विमानातल्या, पुढचं हवामान पाहणाऱ्या बहुतेक रडारची लहर सुमारे ३ सेंटिमीटर लांब. इतक्या बारीक थेंबांनी ती फारशी अडत नाही.

पाऊस मात्र वेगळा. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर परत येणारा प्रतिध्वनी ६४ पट होतो. म्हणून सरी पडद्यावर ठळक उमटतात. खरा धोका आहे तो त्यांच्या पलीकडे, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. मुसळधार सरीतून जाताना लहरीची ताकद शोषली जाते, विखुरते. मग सरीमागचा भाग काळा, म्हणजे मोकळा दिसतो. तिथं याहून मोठं वादळ असू शकतं! जाणते वैमानिक पडद्यावरच्या लाल, म्हणजे जोरदार पावसाच्या पट्ट्यामागच्या काळ्या जागेवर विसंबत नाहीत, वळसा घालतात.

वळवाच्या उंच ढगाचा माथाही फसवा. हिमकणांचा प्रतिध्वनी क्षीण असतो, त्यामुळे अँटेना खाली कलवून पावसाचा थर तपासावा लागतो.