कलिंगडाबरोबर फेटा चालतो, मग पनीर का नाही?

उन्हाळा लागला की कलिंगड, पुदिना आणि फेटा चीज यांच्या झटपट स्टार्टरची कृती सगळीकडे फिरू लागते आणि तिच्या शेवटी हमखास एक ओळ असते की, फेटा न मिळाल्यास पनीर वापरावे. ही ओळ लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पदार्थ पनीर घालून स्वतः खाल्ला असेल, याची मला शंका आहे. दोन्ही पांढरे, दोन्हींच्या चौकोनी फोडी होतात आणि दोन्ही गॅस न पेटवता खाता येतात. साम्य येथेच संपते.

पनीर कसे करतात, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. तापलेल्या दुधात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ते फाडायचे, फडक्यात बांधून वजनाखाली ठेवायचे की तासाभरात काम झाले. फेटा मात्र ग्रीसचा. तेथे तो मेंढीच्या दुधाचा करतात, त्यात शेळीचे दूध जास्तीत जास्त ३० टक्के चालते, आणि २००२ पासून युरोपीय संघात हे नाव फक्त ग्रीसच्या ठरावीक भागांतील चीजलाच लावता येते. आपल्या दुकानांत मिळणारा फेटा बहुधा गाईच्या दुधाचा असतो, पण या स्टार्टरपुरता तो फरक मी सोडून देतो. शाकाहारी मंडळींनी पाकिटावरचा हिरवा ठिपका मात्र पाहावा, कारण पारंपरिक फेटासाठी वापरतात ते रेनेट, म्हणजे दूध घट्ट लावणारे द्रव्य, जनावराच्या जठरातले असते.

खरा घोळ होतो तो मिठापाशी. फेटासाठी दूध विरजण आणि रेनेट घालून कोमट तापमानालाच लावतात, त्याच्या वड्यांना मीठ चोळतात आणि मग त्या किमान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरू देतात. या काळात मीठ वडीच्या गाभ्यापर्यंत पोचते आणि विरजणाची आंबट चव पक्की होते. म्हणजे खारट आणि आंबट या दोन्ही चवी चीज स्वतःच घेऊन येते, फळाने फक्त गोडवा आणि रस पुरवायचा असतो. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात कलिंगडाशेजारी नुसता फेटा ठेवून लोक आवडीने खातात, ते याच कारणाने. पनीरमध्ये मीठही नसते आणि मुरणेही नसते. लिंबाचा आंबटपणा बराचसा निवळीबरोबर निघून जातो आणि उरते ती दुधाची मंद गोडी. गोड कलिंगडावर गोडसर पनीर ठेवले तर दोन सौम्य चवी एकमेकींच्या शेजारी नुसत्या बसून राहतात.

यावर उपाय म्हणून वरून मीठ भुरभुरवण्याचा सल्ला देतात, आणि तो मूळ चुकीपेक्षाही वाईट आहे. ते मीठ पनीरमध्ये शिरत नाही, ओल्या फोडीवर विरघळते आणि फळातले पाणी बाहेर ओढते. थोड्याच वेळात बशीत गुलाबी पाणी साचते, पनीरच्या खालच्या कडा गुलाबी होतात, पुदिना त्यात तरंगू लागतो आणि पनीरचा गाभा जसा होता तसाच अळणी राहतो. पाणी फेटामुळेही सुटते, परंतु त्याचे मीठ वडीच्या आत धरलेले असल्यामुळे ते सावकाश सुटते. तरीही दोन्ही एकत्र करायचे ते वाढण्याच्या क्षणीच. आधी रचून फ्रीजमध्ये ठेवलेली बशी मला पाहवत नाही.

पनीरच वापरायचे असेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ४० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ताज्या पनीरच्या लहान फोडी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात आणि सकाळी निथळून पुसून घ्याव्यात. हे खारवलेले पनीर चांगले लागते, पण त्याचा फेटा होत नाही, कारण विरजणाची चव एका रात्रीत येत नाही आणि बोटाने दाबल्यावर ते भुगा न होता लवचिकच राहते. रचनेने फेटाच्या जवळ जाणारे काही आपल्याकडे असेल तर ते मुंबईच्या पारशी घरांतले टोपलीचे पनीर: रेनेटने लावलेले, लहान टोपल्यांत निथळलेले आणि खारवलेल्या निवळीत ठेवलेले. अर्थात ते मुरवलेले नसते आणि इतके नाजूक असते की टूथपिकला टोचता येत नाही. ते चमच्यानेच वाढावे.

माझे मत विचाराल तर पनीरला कलिंगडाच्या वाट्याला पाठवूच नये. ज्या बशीत चीज गप्प असते तेथे फळाने बोलले पाहिजे, म्हणून पनीरबरोबर आंबट आणि ठसक्याची फळे घ्यावीत. कैरीच्या पातळ कापा, भरडलेले भाजके जिरे, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि ताजे पनीर, किंवा पिकल्या पेरूला तिखट-मीठ लावून त्यावर पनीर. महाबळेश्वरची किंचित आंबट स्ट्रॉबेरीही चालते, मात्र तिच्यावर मिरपूड हवी. फेटासाठी उलट पिकलेले अंजीर, गोड द्राक्षे आणि कलिंगड राखून ठेवावे. त्यावर काळ्या रंगाचे गोड व्हिनेगर नक्षीसारखे ओतण्याची जी टूम आहे, ती फेटाचा आंबटपणाच झाकते, आणि मध तर अंजिराला लागतच नाही.

ताजा अननस आणि किवी मात्र दोन्हींपासून दूर ठेवावेत. या फळांतील पाचक द्रव्ये दुधातील प्रथिने तोडतात आणि बशी थोडा वेळ राहिली की चीज असो वा पनीर, कडवट लागू लागते. जुन्या पार्ट्यांमधला टूथपिकवरचा चीज, चेरी आणि अननस तासन्‌तास टिकत असे, कारण तो अननस डब्यातला असे आणि डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने ती द्रव्ये निकामी झालेली असत.