नेट न्यूट्रॅलिटी : लोकजागृती व अनास्था

इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या जाळ्यातून जाणाऱ्या मजकुरात भेदभाव करू नये, म्हणजे कोणतेही संकेतस्थळ किंवा अ‍ॅप मुद्दाम अडवू नये, मंद करू नये किंवा पैसे घेऊन इतरांच्या पुढे काढू नये, या तत्त्वास नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. प्रस्तुत नोंद त्या तत्त्वाच्या कायदेशीर तपशिलापेक्षा त्याबाबत सर्वसामान्य वापरकर्त्यांमध्ये वेळोवेळी आलेली जाग आणि त्याहून अधिक काळ टिकलेली अनास्था यांविषयी आहे. विवेचनाचा भर भारतातील २०१४ ते २०१८ या काळावर आहे. सल्लापत्रे, हरकती, जाहिराती आणि आदेश असा लेखी पुरावा याच चार-पाच वर्षांत साचला.

संज्ञा व तिचा उगम : इंग्रजी संज्ञा सामान्यतः टिम वू या अमेरिकन कायदेपंडिताच्या २००३ मधील शोधनिबंधापासून धरली जाते. शब्दाच्या जन्माबद्दल फारसा वाद नाही. कल्पनेच्या जन्माबद्दल आहे. एका मतानुसार तिचे मूळ सार्वजनिक वाहतूकदाराच्या जुन्या कायद्यात सापडते. नावाडी, धर्मशाळेचा चालक, रेल्वे, तारखाते यांनी येणाऱ्याला परत पाठवू नये आणि एकाला झुकते माप देऊ नये, अशी ती परंपरा. अमेरिकेच्या १८६० च्या पॅसिफिक टेलिग्राफ कायद्यात तारा आल्या त्या क्रमाने आणि निःपक्षपातीपणे पाठवाव्यात असे कलम होते. सरकारी तारांना मात्र अग्रक्रम होता. भारताच्या १८९० च्या रेल्वे कायद्यातही कोणा एका ग्राहकाला अवाजवी प्राधान्य देऊ नये अशी तरतूद आढळते. दुसरे मत तंत्राकडे बोट दाखवते. सॉल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तिघांनी १९८१ मध्ये ‘टोकापासून टोकापर्यंत’ हे तत्त्व मांडले. जाळ्याचा मधला भाग शक्य तितका साधा ठेवावा आणि अक्कल दोन टोकांच्या संगणकांत असावी, असा त्याचा आशय. मजकूर ज्या लहान तुकड्यांत, म्हणजे पुडक्यांत, विभागून पाठवला जातो, त्यांत काय आहे हे मधल्या यंत्राला कळण्याची गरजच नसेल, तर भेदभावाचा प्रश्न मुळातच उरत नाही. ख्रिस्तोफर यू यांच्यासारख्या विरोधी अभ्यासकांचा आक्षेप असा, की जाळी वेगवेगळ्या प्रकारची असण्यातच ग्राहकाचे हित असू शकते आणि एकच साचा सर्वांवर लादू नये.

तांत्रिकदृष्ट्या दुसरे मत अधिक काटेकोर मानावे लागते. लोकांना समजावताना मात्र पहिल्याचाच उपयोग झाला. भारतातील प्रचारात सर्वांत चाललेला दाखला विजेचा होता. वीज कंपनी मीटरवर येणाऱ्या युनिटांचे पैसे घेते. ती वीज पंख्याला लागली की फ्रीजला, हे ती विचारत नाही आणि अमुक कंपनीचा फ्रीज असेल तर वीज फुकट असेही म्हणत नाही. एवढे एक वाक्य ऐकले की माणसाला मुद्दा पटत असे.

मराठी पर्यायांची अडचण : मराठीत नेट समानता, नेट निरपेक्षता, इंटरनेट तटस्थता असे पर्याय वापरले गेले, मूळ इंग्रजी शब्दही तसाच रुळला. यांतील दोन शब्दांकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण जागृती आणि अनास्था या दोन्हींशी त्यांचा थेट संबंध आहे. ‘समानता’ हा शब्द कानाला ओळखीचा, पण समान कोण हे तो सांगत नाही. तत्त्वाला अभिप्रेत समानता मजकुराच्या पुडक्यांची आहे. पुढे फेसबुकने आपल्या प्रचारासाठी ‘डिजिटल समानता’ हेच घोषवाक्य घेतले, तेव्हा दोन्ही बाजू मराठीत एकाच शब्दाने बोलू लागल्या. ‘तटस्थता’ अर्थाने जवळची आहे, पण तटावर उभा राहून प्रवाहाकडे पाहणारा तो तटस्थ. रोजच्या बोलण्यात या शब्दाला ‘आपल्याला काय त्याचे’ अशीही छटा आहे. जाळे तटस्थ राहावे यासाठी वापरणाऱ्याने तटस्थ राहून चालत नाही, हे या शब्दातून पोचणे अवघड जाते. या नोंदीत म्हणूनच मूळ शब्द कायम ठेवला आहे.

२०१४–१५ ची जाग : भारतात या विषयाला पहिली मोठी ठिणगी दरपत्रकाने पडली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणारे आवाजी कॉल नेहमीच्या डेटा पॅकमधून वगळून त्यांना वेगळा आकार लावण्याचे जाहीर केले. थ्रीजीसाठी हा आकार दहा केबीला चार पैसे होता. आकडा किरकोळ दिसतो, पण गुणाकार केला की एका एमबीला सुमारे चार रुपये आणि एका जीबीला चार हजारांहून अधिक रुपये होतात. परदेशातल्या मुलाशी स्काइपवर बोलणाऱ्या आईवडिलांना हा हिशेब समजायला कोणत्याही तत्त्वाची ओळख लागली नाही. विरोध वाढल्यावर काही दिवसांतच, २९ डिसेंबरला, कंपनीने निर्णय मागे घेतला.

२७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ‘ओटीटी’, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या कॉल, संदेश, चित्रफिती अशा सेवांच्या नियमनाविषयी लोकांची मते मागवणारे सल्लापत्र काढले. ते ११८ पानांचे होते, त्यात २० प्रश्न होते आणि भाषा खात्याची होती. सामान्य वापरकर्त्याने ते वाचून उत्तरे पाठवावीत ही अपेक्षा वास्तवाला धरून नव्हती. स्वयंसेवकांनी नेमके हेच ओळखले. पत्रकार निखिल पाहवा, किरण जोन्नलगड्डा, वकील अपार गुप्ता आदींच्या गटाने सल्लापत्राचा सारांश केला, प्रश्नांची उत्तरे तयार केली आणि ‘सेव्ह द इंटरनेट’ या संकेतस्थळावर एक बटण ठेवले. ते दाबले की मेलचे अ‍ॅप उघडे, पत्ता भरलेला, मजकूर भरलेला; वापरणाऱ्याने वाटल्यास दोन ओळी बदलायच्या आणि पाठवायचे. ११ एप्रिलला एआयबी या विनोदी मंडळींची चित्रफीत आली आणि विषय महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर पोचला. २४ एप्रिलच्या मुदतीपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. दरम्यान ठरावीक अ‍ॅप ग्राहकाला मोफत आणि त्याचा खर्च अ‍ॅपवाल्याकडून, अशा ‘एअरटेल झीरो’ योजनेतून फ्लिपकार्टने १४ एप्रिलला माघार घेतली. दुसऱ्या दिवशी क्लिअरट्रिप ही प्रवास-आरक्षण कंपनी फेसबुकच्या ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ या योजनेतून (तिच्याविषयी पुढे) बाहेर पडली.

२७ एप्रिलला ट्रायने आलेले अभिप्राय पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकले. पारदर्शकतेचा नियम म्हणून ते समर्थनीय होते असे काही मानतात. आयुष्यात पहिल्यांदाच सरकारला काही कळवणाऱ्या माणसाचा पत्ता असा उघड्यावर येणे हे मात्र पुढच्या वेळी गप्प बसायला शिकवणारे ठरते, आणि त्या दृष्टीने ती गंभीर चूक होती.

फ्री बेसिक्स : फेसबुकची ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ ही योजना भारतात १० फेब्रुवारी २०१५ रोजी रिलायन्स कम्युनिकेशन्समार्फत सुरू झाली. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि मराठीसह काही भारतीय भाषांत ती मिळत असे. निवडक संकेतस्थळे मोफत, बाकीच्या इंटरनेटला नेहमीचा दर, असे तिचे स्वरूप. सप्टेंबर २०१५ मध्ये तिला फ्री बेसिक्स हे नाव मिळाले. ९ डिसेंबरला ट्रायने डेटाच्या भिन्न दरांविषयी चार प्रश्नांचे नवे सल्लापत्र काढले आणि फेसबुकने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. मार्क झकरबर्ग यांनी वृत्तपत्रीय लेखात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला दिला : त्याला हवामान कळते, बाजारभाव कळतात, यात इंटरनेटचे काय बिघडले? हा प्रश्न प्रभावी होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. त्याचे उत्तर असे, की तो शेतकरी कोणते बाजारभाव पाहणार हे यादी करणारा ठरवतो, आणि यादीबाहेरचे बाजारभाव त्याला दिसत नाहीत. पण हे उत्तर समजायला दोन मिनिटे लागतात. जाहिरातीला दोन सेकंद.

आधीच्या मोहिमेचे तंत्र आता उलट बाजूने वापरले गेले. फेसबुक उघडणाऱ्यास सूचना येई, एक टिचकी मारली की पाठिंब्याचा तयार मजकूर ट्रायकडे जाई. एकूण अभिप्राय २४ लाखांच्या आसपास गेले. ट्रायने जानेवारी २०१६ मध्ये फेसबुकला कळवले, की या मजकुरात विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरेच नाहीत आणि अशा रीतीने सल्लामसलतीची प्रक्रिया एका ओबडधोबड बहुमतवादी, घडवून आणलेल्या जनमत चाचणीच्या पातळीवर उतरते. ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमाने मजकुरानुसार डेटाचे वेगळे दर लावण्यास बंदी आली. आपत्कालीन सेवांना सवलत होती. उल्लंघनास दिवसाला ५० हजार आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. तीन दिवसांनी फेसबुकने योजना भारतातून काढून घेतली.

संख्येवरून जागृती मोजता येते का : या मुद्द्यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. एक वर्ग २०१५ च्या दहा लाख ईमेलना भारतीय लोकशाहीतील अपूर्व सहभाग मानतो. दुसरा म्हणतो, की तयार मजकुराच्या प्रतींवरून पाठवणाऱ्याला विषय कळला होता की नव्हता हे ठरत नाही. फेसबुकमार्गे आलेल्या लाखोंना हा निकष लावायचा तर तो ‘सेव्ह द इंटरनेट’च्या लाखोंनाही लावला पाहिजे. या दुसऱ्या वर्गाचा आक्षेप न्याय्य आहे, पण त्याला मर्यादा आहे. पहिल्या मोहिमेत प्रश्न, उत्तर आणि त्यामागचा युक्तिवाद समोर होता, मजकूर बदलता येत होता. दुसरीत वापरणाऱ्यासमोर प्रश्नच नव्हते. ट्रायनेही निर्णयाचा पाया संख्येवर ठेवला नाही, युक्तिवादावर ठेवला. पटाची मोठी बाजू विसरू नये : मार्च २०१५ अखेर देशात इंटरनेटचे सुमारे ३० कोटी ग्राहक होते. दहा लाख म्हणजे तीनशेत एक.

याच वर्षी ‘क्वार्ट्झ’ या वृत्तसंस्थेने केलेल्या पाहणीत ‘फेसबुक म्हणजेच इंटरनेट’ या विधानाशी भारत, ब्राझील, इंडोनेशिया आणि नायजेरिया येथील निम्म्याहून अधिक उत्तरदात्यांनी सहमती दर्शवली. अमेरिकेत हे प्रमाण ५ टक्के होते. ज्याला यादीबाहेर काही आहे हेच ठाऊक नाही, त्याला यादीविरुद्ध तक्रार असण्याचे कारण नाही. अशा माणसाला उदासीन म्हणणे अन्यायाचे होईल.

संख्येच्या मर्यादेचा सर्वांत बोलका पुरावा अमेरिकेत मिळाला. २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम मागे घेण्याच्या प्रस्तावावर तेथील संघीय संचार आयोगाकडे सुमारे २ कोटी २० लाख अभिप्राय आले. त्यांतील जवळपास १ कोटी ८० लाख बनावट असल्याचे न्यूयॉर्कच्या महान्यायवादींनी २०२१ मध्ये जाहीर केले. ८५ लाख अभिप्राय ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशातून उभे केलेले होते, तर ७७ लाख तत्त्वाच्या बाजूने पण एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने यंत्रवत पाठवलेले.

अनास्थेची कारणे : मॅन्कर ओल्सन यांच्या सामूहिक कृतीच्या सिद्धांतानुसार लाभ थोड्यांचा आणि मोठा, तोटा सर्वांचा आणि सूक्ष्म असेल, तर थोडेच संघटित होतात. नेट न्यूट्रॅलिटीला हे लागू पडते, पण पुरेसे नाही. येथे तोटा सूक्ष्म आहेच, शिवाय अदृश्य आहे. चित्रफीत अडकली, पडद्यावर गोल चक्र फिरू लागले, की माणूस ‘रेंज नाही’ म्हणतो, खिडकीशी जातो, फोन बंद-चालू करतो. कंपनीने वेग कमी केला असेल, ही शंका त्याला येत नाही आणि आली तरी तपासण्याचे साधन हाताशी नसते. अमेरिकेत २००७ मध्ये कॉमकास्ट ही इंटरनेट कंपनी बिटटोरेंट या फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या प्रणालीची वाहतूक तोडत असल्याचे उघड झाले तेही एका जाणकार ग्राहकाच्या चिकाटीमुळे. नंतर असोसिएटेड प्रेसने बायबलची प्रत पाठवून पाहत त्याची खातरजमा केली.

भारतातील दुसरे कारण आर्थिक आहे आणि त्याकडे कमी लक्ष गेले आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की ‘व्हॉट्सअ‍ॅप पॅक’, ‘फेसबुक पॅक’ असले तुकडे विकत घेण्याची गरज उरली नाही. खिशाला बसणारा चिमटा गेला आणि त्याबरोबर प्रश्नाची आठवणही गेली.

२०१८ नंतर : ट्रायने २८ नोव्हेंबर २०१७ रोजी केलेल्या शिफारशी दूरसंचार आयोगाने ११ जुलै २०१८ रोजी स्वीकारल्या आणि त्याच वर्षी कंपन्यांच्या परवान्यांत भेदभावास मनाई करणारी अट घातली गेली. जगातील कडक नियमांत तिची गणना होते. दहा लाख पत्रांनी जे मागितले ते प्रत्यक्षात मिळाले तेव्हा रस्त्यावर, कट्ट्यावर त्याची चर्चा जवळजवळ नव्हती. २०१५ च्या मोहिमेतून २०१६ मध्ये उभ्या राहिलेल्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसारख्या मोजक्या संस्थांनी पाठपुरावा चालू ठेवला.

जुलै २०२३ मध्ये ट्रायने ओटीटी सेवांच्या नियमनाचे व त्यांवरील निवडक बंदीचे सल्लापत्र काढले. मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या वापराचे शुल्क भरावे, ही दूरसंचार कंपन्यांची मागणी त्यानिमित्ताने पुन्हा पुढे आली. दक्षिण कोरियात अशा प्रकारची शुल्कव्यवस्था आहे. जाळ्याचा खर्च परवडत नाही असे सांगून ट्विच ही चित्रप्रसारण सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथून बाहेर पडली. अमेरिकेत २०२४ मध्ये पुन्हा मंजूर केलेले नेट न्यूट्रॅलिटीचे नियम सहाव्या परिमंडळाच्या संघीय अपील न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी रद्द ठरवले.