‘आजी देवळात जाली’

माझी भाची येत्या आषाढात तीन वर्षांची होईल. परवा तिने खडूने अर्धी भिंत रंगवली आणि मला ओढत नेऊन दाखवली. “मामा, बघ, मी चित्र करलं!” आजी कुठे आहे विचारलं, तर म्हणाली, “आजी देवळात जाली.” ताईने लगेच सुधारलं, “जाली नाही गं, गेली म्हण.” तिने मान डोलावली. “हो. आजी गेली. देवळात जाली.” तेवढ्यात दारात पोचलेल्या आजीने हे ऐकलं आणि चप्पल काढता काढता विचारलं, “मी देवळात काय झाले गं बाई?”

हसून झाल्यावर ताईच्या मनातली काळजी बाहेर आली. सहा महिन्यांपूर्वी ही मुलगी स्वच्छ ‘गेली’, ‘केलं’ म्हणायची. मग आता बिघडलं कुठे? माझं उत्तर असं, की काहीच बिघडलेलं नाही. या वयात तिच्या डोक्यात झालेली ही सगळ्यात मोठी प्रगती आहे.

मुलं ऐकतात तसं पोपटासारखं बोलतात, असा आपला समज असतो. पण ‘जाली’ तिने ऐकलं कुठे? घरात तसं कुणीच म्हणत नाही. तो शब्द तिने स्वतः घडवला. बसला, उठला, हसला, रडला, पडला असे शेकडो शब्द कानावर पडता पडता तिला उमगलं, की होऊन गेलेलं सांगायचं तर धातूला ‘ल’ जोडायचा. मग ‘कर’ला ‘ल’ जोडून ‘करलं’, ‘जा’ला जोडून ‘जाली’.

आता तिची ‘चूक’ बारकाईने पाहा. चित्र करलं, खेळ करला, गंमत करली. बोलणारी मुलगी एकच, पण क्रियापद प्रत्येक वेळी कर्माच्या लिंगाप्रमाणे बदललं. ‘आजी जाली’मध्ये मात्र ते कर्त्याप्रमाणे चाललं. म्हणजे कर्मणी आणि कर्तरी प्रयोग, जे आपण शाळेत घोकले आणि मोठेपणी मराठी शिकणाऱ्यांना वर्षानुवर्षं छळतात, ते तिने न शिकवता बरोबर वापरले. चुकलं ते फक्त धातूचं रूप. मला हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मुलं नियम काढतात हे पडताळायचं कसं, याची फार सुंदर युक्ती भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी 1958 साली अमेरिकेत केली. त्यांनी लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. हा ‘वग’. आता दोन आले. हे दोन कोण? मुलं बहुतेक वेळा ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्दच त्या चाचणीसाठी बनवलेला, त्यामुळे तो ऐकून पाठ केलेला असणं शक्य नव्हतं. मी भाचीवर मराठी प्रयोग केला. “हे अस्वल रोज टुमतं. काल पण ते...?” “टुमलं!” वाघ टुमला, बाहुली टुमली. एकदाही अडखळली नाही.

मग आधी ‘गेली’ बरोबर कसं यायचं? कारण तेव्हा तो अख्खा शब्द स्मरणात ठेवलेला होता, ‘जा’शी त्याचं नातं तिला ठाऊकच नव्हतं. नियम सापडल्यावर डोक्यात दोन वाटा तयार झाल्या, एक आठवणीची, एक नियमाची. ‘गेली’ वेळेवर आठवलं तर ते नियमाला अडवतं. आठवण क्षणभर मागे पडली, की नियम आपलं काम करून मोकळा होतो. गॅरी मार्कस, स्टीव्हन पिंकर या मानसशास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी 1992 साली इंग्रजी बोलणाऱ्या 83 मुलांच्या बोलण्यातली अनियमित क्रियापदांची 11,521 भूतकाळी रूपं तपासली. मुलांच्या अशा चुकांचं मध्यक प्रमाण अडीच टक्केच निघालं. आठवण बहुतेक वेळा जिंकते, पण लक्षात राहतं ते ‘जाली’. रूमेलहार्ट आणि मॅक्लेलँड यांनी 1986 मध्ये वेगळा नियम न देता, मेंदूतल्या पेशींसारख्या नुसत्या जोडण्यांच्या जाळ्यातूनही अशा चुका उमटतात असं संगणकावर दाखवलं होतं. तो वाद मोठा आहे. मला दोन वाटांचं स्पष्टीकरण जास्त पटतं.

आणि ‘केला’, ‘गेला’, ‘मेला’ ही वाकडी रूपं आली कुठून? संस्कृतातल्या कृत, गत, मृत यांचा प्राकृतात ‘त’ झिजला आणि उरलेल्या भागाला ‘इल्ल’ हा प्रत्यय लागला. रोज तोंडात असल्यामुळे ही रूपं टिकली. ऐकण्यात क्वचित येणारं रूप आठवणीत पक्कं होत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्यांत नियमाकडे सरकतं. दिल्लीकडे मोठी माणसंसुद्धा ‘मैंने किया’ऐवजी ‘मैंने करा’ म्हणतात, तीही हीच ओढ.

म्हणून मी ताईला म्हटलं, दर वाक्याला टोकू नकोस. रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी 1970 मध्येच दाखवलं होतं, की आईवडील मुलांना व्याकरणापेक्षा खरंखोटं यावरून दुरुस्त करतात. मुलं तरीही व्याकरण शिकतातच. “हो, आजी देवळात गेली, आता येईल” एवढं सहज म्हटलं तरी बरोबर शब्द आणखी एकदा कानावर पडतो.

आमच्याकडे एका नातेवाइकांनी मधात वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, म्हणजे जीभ वळते म्हणे. वेखंडाने भाषा येत नाही. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. ‘बाळाला बोलतं करणारे’ व्हिडिओ विकत घेण्याआधीही थांबा. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेच पडद्यावर दाखवलेली बाळं शिकली नाहीत.

या आठवड्यात भाची पुन्हा ‘गेली’ म्हणायला लागली आहे. काल सोफ्यावरून घसरली आणि माझ्याकडे बोट दाखवून ओरडली, “मामा, तू मला पडवलंस!” बसणे-बसवणे, झोपणे-झोपवणे, मग पडणे-पडवणे. भाषेच्या अभ्यासक मेलिसा बोवरमन यांनी आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलींच्या बोलण्यात नेमकी हीच तऱ्हा वर्षानुवर्षं टिपून ठेवली होती. मी ताईला लगेच फोन केला आणि वहीत तारीख लिहून ठेवायला सांगितली.