सुलभ संकेतस्थळ रचना (बेळगाव सीमाभाग)

हवी ती माहिती कुणाला न विचारता, पहिल्याच प्रयत्नात सापडावी अशा बेताने वेबसाइटची मांडणी करणे म्हणजे सुलभ रचना. बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातील सीमाभागात तिचा कस सर्वात आधी भाषेवर लागतो. एकाच घरात आजीला फक्त मराठी वाचता येते आणि कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाला कन्नड सराईतपणे. जिथे भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के असतील, तिथे महत्त्वाची सरकारी पत्रके त्यांच्या भाषेतही निघावीत, असे देशपातळीवरचे धोरण आहे. वेबसाइटनेही तेवढी जाण ठेवायला हवी.

भाषा बदलण्याचे बटण पानाच्या माथ्यावर असावे आणि प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे. झेंड्याचे चिन्ह नको. झेंडा प्रदेशाचा असतो, आणि सीमाभागात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. बटण दाबल्यावर तेच पान दुसऱ्या भाषेत उघडले पाहिजे. पतसंस्थेच्या ठेवींचे व्याजदर वाचताना भाषा बदलावी आणि थेट मुखपृष्ठावर येऊन पडावे, हा दोष फार आढळतो. वयस्कर ठेवीदार तिथेच नाद सोडतो आणि शाखेत चक्कर मारतो.

इंग्रजीसाठी बेतलेला साचा देवनागरीला जसाच्या तसा चालत नाही. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. ओळी दाटीने बसवल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवले, तर ती सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उच्चार कळतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व उपकरणांना सारख्याच कळणाऱ्या अक्षर-संकेतांत हवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर, निव्वळ अगम्य चिन्हे होऊन दिसतो. सूचनेचा फोटो काढून चढवणे त्याहून वाईट: तो शोधात येत नाही, मोठा केला की अक्षरे फुटतात आणि अंधांना वाचून दाखवता येत नाही.

वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ साली आली. त्यांतल्या तीन पातळ्यांपैकी मधल्या (AA) पातळीसाठी साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे प्रमाण किमान ४.५:१ लागते आणि बोटाने दाबायची जागा, काही अपवाद वगळता, किमान २४ × २४ पिक्सेल. भगव्यावर पिवळी अक्षरे या मापात बसत नाहीत, कार्यक्रमाच्या फलकावर ती कितीही शोभोत.

मुखपृष्ठावर सरकती चित्रे आणि संचालकांचे फोटो यांच्याआधी वेळ, पत्ता आणि दाबताच लागणारा फोन नंबर द्यावा. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, पण लोक बेळगाव लिहितात, बेळगावीही लिहितात आणि इंग्रजी स्पेलिंगही दोन्ही चालतात. शोधपेटीत यांतले काहीही टंकले तरी त्याच शाखा समोर आल्या पाहिजेत.