आमवातातील दाहदर्शक रक्तचाचण्या

आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) व तत्सम दाहजन्य संधिविकारांत रोगाचा जोर किती आहे आणि औषध लागू पडते आहे का, याचा माग ठेवण्यासाठी ठरावीक काळाने केल्या जाणाऱ्या रक्तचाचण्या. ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) आणि सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) या त्यांपैकी प्रमुख होत. संधिवात घटक (आरए फॅक्टर) हे रक्तातील प्रतिपिंड निदानाला उपयोगी पडते. ते दर भेटीला पुन्हा तपासणे हा बहुधा रुग्णाच्या पैशांचा अपव्यय ठरतो.

ईएसआरसाठी सायट्रेट (रक्त गोठू न देणारे द्रव्य) मिसळलेले रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते पाहतात. दाहामुळे रक्तातील फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढले की पेशींच्या चळती बनतात व त्या लवकर बसतात. हे मोजमाप अप्रत्यक्ष असल्याने रक्तक्षय, गर्भारपण आणि वाढते वय यांमुळेही आकडा चढतो. मुंबईच्या उकाड्यात प्रयोगशाळेची खोली थंड नसेल, तर तेवढ्यानेही तो फुगतो.

सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तरसात आढळले. इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहकाच्या प्रभावाने यकृत ते तयार करते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे असल्यामुळे दाह शमताच ते काही दिवसांत उतरते, ईएसआर मात्र कित्येक आठवडे रेंगाळतो. अहवाल वाचताना एकक आधी पाहावे: एक लॅब लिटरमागे मिलिग्रॅम लिहिते, दुसरी डेसिलिटरमागे, आणि लॅब बदललेल्या रुग्णाला तोच दाह दहापट वाढल्यासारखा दिसून तो विनाकारण हादरतो.

दोन्ही चाचण्या दाह आहे एवढेच सांगतात, तो कुठे आहे ते नाही. मुंबईत पावसाळ्यात मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस, आणि बाराही महिने क्षयरोग, हे आकडे वाढवू शकतात. म्हणून औषधाचा डोस वाढवण्यापूर्वी ताप, खोकला, घटलेले वजन यांची चौकशी झालीच पाहिजे. उलट, सांधे सुजलेले असूनही दोन्ही आकडे सामान्य असणारे रुग्ण थोडे नाहीत. त्यामुळेच आमवाताचा जोर गुणांत मोजणाऱ्या डीएएस-२८ या मापनात ईएसआर किंवा सीआरपीच्या जोडीला २८ सांध्यांची सूज व दुखरेपणा आणि रुग्णाचे स्वतःचे मतही धरतात; २.६ पेक्षा कमी गुण म्हणजे रोग शमलेला, ५.१ पेक्षा जास्त म्हणजे तीव्र.

ल्यूपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असा विकार) रोग बळावूनही सीआरपी बरेचदा फारसे वाढत नाही. तिथे सी३, सी४ या पूरक (प्रतिकारयंत्रणेतील) प्रथिनांची घट आणि डीएनएविरोधी प्रतिपिंडांची वाढ अधिक बोलकी असते. टोसिलिझुमॅब हे आमवातावरील औषध तर इंटरल्यूकिन-६ चाच मार्ग अडवते, त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णात गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी सामान्य राहू शकते.