मोज्यावरचं फूल आठ पाकळ्यांचंच काहून?

नागपुरात दोन रंगांचे मोजे विणणाऱ्यांमधे एक वाद दर हिवाळ्यात निघते: फूल सुईवरच विणायचं, की साधा मोजा विणून झाल्यावर वरून टाक्यावर टाका घेऊन भरायचं. थंडी इथे असते थोडेच दिवस पण असते तेव्हा खरी असते (डिसेंबर 2018 मधे पारा 3.5 वर आला होता), म्हणून मोजे इथे नुसती हौस नाही.

फार जुनं थोडक्यात. इजिप्तमधे निळ्या-पांढऱ्या सुती मोज्यांचे तुकडे सापडलेत, साधारण 11व्या ते 13व्या शतकातले, दोन रंग एकाच ओळीत चालवलेले. आठ पाकळ्यांचा नमुना युरोपात 16व्या शतकातल्या छापील भरतकामाच्या पुस्तकांत होताच, पण विणकामात तो गाजला नॉर्वेच्या सेल्बूतून. 1857 साली तिथली एक पोरगी काळ्या-पांढऱ्या फुलाचे हातमोजे घालून चर्चला गेली, बघता बघता सगळं गाव तेच विणायला लागलं आणि पुढे त्याचा धंदाच झाला. स्कॉटलंडच्या फेअर आयल बेटाच्या रंगीत विणीचं नाव झालं ते 1920 च्या दशकात, ब्रिटनच्या युवराजाने तिथला स्वेटर घातला म्हणून.

आठच पाकळ्या काहून, तर आडव्या-उभ्या चौकटींवर आठ बरोबर बसतात, अष्टदल कमळ ठिपक्यांवर बसते तसंच. आपल्याकडे हौसेने संत्र्याचं फूल काढायला जातात, त्याला पाकळ्या पाच, मग एक बाजू तिरपी पळते. त्यात टाका उंचीपेक्षा रुंद असतो, क्रॉस स्टिचचा ग्राफ जसाच्या तसा उचलला की फूल बसकं होते, उंचीत दोन-तीन ओळी वाढवाव्याच लागतात.

आता मूळ भांडण. फूल मोठं असलं की जो रंग त्या वेळी लागत नाही तो धागा मागून लांब जातो, आणि मोजा घालताना त्यात पायाची बोटं अडकतात. जुना नियम पाच टाक्यांचा, त्याहून लांब गेला तर मधे अडकवून घ्या. पण हा नियम खऱ्या लोकरीचा आहे बरं, शेटलंडची (फेअर आयल ज्या बेटांत येते तिथली) लोकर खरबरीत, वापरता वापरता मागचे धागे आपसात चिकटून जातात. आपल्या दुकानांत मिळते ती बहुतेक अॅक्रिलिक, गुळगुळीत, ती चिकटतच नाही, म्हणून इथे दर तीन टाक्यांवर अडकवणं बरं. मग दुसरी कटकट, अडकवलेला गडद धागा फिक्या रंगातून समोर डोकावतो. वरून भरणारे म्हणतात इतकी मगजमारी कशाला, आणि मोजा ताणतो पण नीट. ते बरोबर आहे, फक्त भरलेला भाग जाड होतो आणि बुटात टोचतो, घोट्याच्या वर असेल तर चालते.

मला विचाराल तर दोन्हीपेक्षा सेल्बूवाल्या बायकांची अक्कल चांगली, त्यांनी तळहाताच्या बाजूला मोठं फूल ठेवलंच नाही, बारीक दाणे, म्हणजे दुसऱ्या रंगाचे सुटे टाके, भरले. मोज्यातही फुलाच्या आजूबाजूच्या रिकाम्या जागेत एक-एक दाणा टाकला की मागचा धागा आपोआप आखूड राहते, अडकवायचा प्रश्नच येत नाही.

2007 नंतर नेटवर नमुन्यांचा पूर आला, तिथून पाच-पाच रंगांचे गुलाब डाउनलोड करून विणून राहिले लोक. त्यात टाक्यांचा हिशोब बिघडते. दोन रंगी वीण साध्या विणीइतकी ताणत नाही, साधा मोजा 64 टाक्यांत होत असेल तर हा 72 वर घ्यावा लागतो नाहीतर टाचेवरून चढतच नाही, आणि 72 घेतले की फूल 24 टाक्यांचं काढा, गोल फेरीत बरोबर तीन बसतात. टाच आणि चवडा एकाच रंगात ठेवा, तिथे झीज जास्त, उसवून परत विणायला सोपं पडते.